उत्सवी नाटकातला दरबारी विदूषक कसा उभा करावा

जत्रांचा हंगाम सुरू झाला की गोव्यात गावोगावी नाटके बसू लागतात, आणि दरबाराचा प्रवेश असलेल्या नाटकात कुठे ना कुठे विदूषक निघतोच. ती भूमिका बहुधा गावातल्या सगळ्यांत गमत्या माणसाकडे जाते. त्याला पत्त्यांतल्या जोकरसारखा सजवतात, तोंडाला पांढरा रंग फासतात आणि ‘तू मोकळा खेळ’ म्हणून सोडून देतात. पहिल्या अंकात हशा पिकतो. दुसऱ्या अंकापासून तो प्रेक्षकांशीच बोलत सुटतो, राजा सिंहासनावर बसून वाट बघत राहतो आणि नाटक थांबते.

चूक नटाची नसते. विदूषक हा आधी राजाचा माणूस असतो. दरबारात कुणालाही बोलता येत नाही ते बोलायची मुभा त्याला राजाने दिलेली असते, आणि ती मुभा कुठल्याही क्षणी काढून घेतली जाऊ शकते. हे दिसले की साधा विनोदही लागतो. त्यामुळे तालमीचा पहिला दिवस राजा आणि विदूषक या जोडीचा ठेवा. राजाचे काम करणारा नट ठरलेला नसेल तर विदूषकही निवडू नका.

आधी दरबार कोणता ते ठरवा

टोपीला शिंगे आणि घुंगरू, अर्धा लाल अर्धा पिवळा अंगरखा, हातात छोट्या मुंडक्याची काठी, हा युरोपातल्या विदूषकाचा वेश. तोही चित्रांतून आणि रंगमंचावरून जास्त ठसलेला. प्रत्यक्ष दरबारांत बरेच विदूषक इतर चाकरांसारखेच कपडे घालत. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या जमाखर्चात विल सॉमर्स या विदूषकासाठी हिरव्या कापडाचा कोट आणि टोपी नोंदलेली आहे. पांढरा चेहरा तर मध्ययुगाचा नव्हेच. तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या रंगमंचावर जोसेफ ग्रिमाल्डीने रूढ केलेल्या विदूषकाचा. पत्त्यांतला जोकर त्याहून नवा, १८६० च्या दशकात अमेरिकेत आलेला. तेव्हा रंगभूषाकाराला आधीच सांगा: चेहरा माणसाचाच ठेवायचा, फक्त भुवया थोड्या उचलायच्या आणि गालांवर किंचित लाली.

नाटक गोव्याच्या कदंबांचे असेल, म्हणजे राजधानी चंद्रपूर (आजचे चांदोर) किंवा नंतरचे गोपकपट्टण असेल, तर गाढवाच्या कानांची टोपी तिथे खटकते. तिथे संस्कृत नाटकातला विदूषक घ्या. आखूड धोतर, जानवे, टक्कल आणि मागे शेंडी, हातात कुटिलक म्हणजे तीन ठिकाणी वाकलेली काठी. विजयनगरच्या दरबाराचे नाटक असेल तर तेनाली रामाचा वेश साधा आणि नीटनेटका ठेवा. त्याची गंमत बोलण्यात आहे. बिरबलाला मात्र विदूषक करू नका. तो अकबराचा मोठा दरबारी होता, १५८६ मध्ये वायव्येकडच्या मोहिमेत मारला गेला. त्याला घुंगरू लावलेले पाहिले की वाईट वाटते.

पोर्तुगीज दरबार दाखवायचा असेल तर गोव्यातल्या लेखकाला आयताच धागा आहे. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतला तेव्हा लिस्बनच्या गादीवर पहिला मानुएल होता आणि त्याच्याच दरबारात जील व्हिसेंत नाटके करत होता. १५१७ साली झालेल्या त्याच्या एका नाटकात मेलेली माणसे धक्क्यावर येतात. सावकार, पाद्री, न्यायाधीश सैतानाच्या नावेत चढतात, आणि खुळा जुआन मात्र नरकात न जाता धक्क्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची टवाळी करतो. मांडवीच्या धक्क्यावर असा प्रवेश कुणीतरी लिहायला हरकत नाही.

अंगरखा

पुढची मापे युरोपीय वेशाची. मध्यम बांध्याच्या नटाला ४४ इंची पन्ह्याचे सुती कापड, दोन रंगांत प्रत्येकी २ मीटर पुरते. त्यात मांडीपर्यंतचा अंगरखा, टोपी आणि खालची कातरलेली झालर बसते. साटीन आणि मखमल दिव्याखाली झकास दिसते म्हणून शिंपी ते सुचवतात, पण मार्चमधल्या उत्सवात हॅलोजनखाली दहा मिनिटांत नट घामाने निथळतो आणि साटीनवर घामाचा डाग शेवटच्या रांगेतूनही दिसतो. पॉपलीन घ्या.

कापड बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून धुवा. खळ निघते, कापड आटायचे तेवढे आटते आणि मुख्य म्हणजे लाल रंग जातो का ते कळते. गेला तर मिठाच्या पाण्यात पुन्हा भिजवण्यात वेळ घालवू नका, कापड बदला. घामाने लाल रंग पिवळ्या अर्ध्यात उतरला की तो अंगरखा कुणालाच वापरता येत नाही.

अंगरखा मधोमध उभा दुभागायचा. डावी बाजू लाल असेल तर डावा हात पिवळा, म्हणजे रंग तिरके पडतात आणि हात हलला की लांबूनही कळतो. काखेत कापडाचा चौकोनी तुकडा जोडायला शिंप्याला आवर्जून सांगा, बाजू १२ सेंटिमीटर. तो नसला तर पहिल्या कोलांटीला काख उसवते, आणि उसवतेच.

टोपी, आणि तिच्यापायी होणारे घोळ

टोपी खांद्यापर्यंत येणारी, दोन किंवा तीन शिंगांची. शिंगाची लांबी ३० सेंटिमीटर, बुडाशी रुंदी १४. त्यात कापूस ठासून भरू नका: शिंग जड होते, घाम शोषते आणि टोपी मागे ओढली जाते. बुडाच्या १० सेंटिमीटरपर्यंत बकरमचा दुहेरी थर द्या, पुढच्या भागात शेवरीचा हलका कापूस थोडासा घाला. शिंग आधी वर उठून मग लवंडले पाहिजे. मान हलली की ते अर्धा क्षण उशिरा हलते आणि तिथेच हसू येते. आधाराला तार कधी वापरू नका. झटापटीत ती दुसऱ्याच्या डोळ्यात जाते.

आता कान. टोपीने कान झाकले की नटाला प्रॉम्प्टर ऐकू येत नाही. हा घोळ इतका नेहमीचा आहे की विदूषक वाक्ये विसरतो असा त्याचा बोभाटा होतो, आणि खरे तर तो विसरलेला नसतो, त्याला ऐकूच आलेले नसते. कानांच्या जागी ४ सेंटिमीटरची गोल भोके पाडून आतून त्याच रंगाची जाळी शिवा.

घुंगरू फक्त शिंगांच्या टोकांना खरे. अंगरख्याच्या झालरीला लावायचे आठ-दहा घुंगरू मुके करा: आत कापूस कोंबून वरून मेणाचा थेंब. सगळेच वाजते ठेवले तर राजाच्या संवादात विदूषक श्वास घेतो तोही माइक पकडतो. कॉलर माइक असेल तर तो छातीच्या मध्यावर, झालरीपासून दूर. शिंगांचे घुंगरू म्हणजे विदूषकाचे वाद्यच. त्याने मान स्थिर ठेवली की शांतता, झटकली की आवाज. हे जमायला सवय लागते, म्हणून टोपी रंगीत तालमीला पहिल्यांदा देऊ नका. पहिल्या आठवड्यापासून जुन्या टोपीला दोन घुंगरू बांधून द्या.

पायांत चामडे नको. मंच देवळाच्या आवारात असतो, रंगमंचाची पूजा झालेली असते, आणि हल्ली सगळे चालते असे म्हणणारे लोक जत्रेच्या रात्री वेगळे बोलतात. जाड कापडाचे जोडे, तळाला पातळ रबर. टोक ८ सेंटिमीटरपेक्षा लांब केले तर जाजमाच्या कडेत अडकते.

काठी

युरोपीय विदूषकाच्या काठीवर त्याचेच छोटे मुंडके असते. ४५ सेंटिमीटरची काठी, ८ सेंटिमीटरचे डोके. दिवाळीत नरकासुर करणारी मुले तुमच्या गावात असतीलच. कागदाच्या लगद्याचे काम त्यांना द्या. प्लास्टिकच्या चेंडूवर वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या, सहा-सात थर, दर दोन थरांनंतर वाळवण. कडक उन्हात दोन दिवसांत होते. पावसाळ्यात करायला घेतले तर आतून बुरशी धरते आणि प्रयोगाच्या दिवशी वास येतो. मैद्याच्या खळीला झुरळे लागतात म्हणून जुने लोक त्यात मोरचूद घालत. ते विषारी आहे, आणि विदूषक हे मुंडके तोंडाजवळ नेतो. लाकडाला वापरतात तो पांढरा गोंद पाणी घालून वापरा. त्याच कारणाने रंगपेटीत कुणी जुने मुर्दाडशिंग ठेवले असेल तर बाहेर काढा. त्यात शिसे असते.

मुंडक्याचा चेहरा विदूषकासारखा हवा. राजासारखा केला तर पहिल्याच दर्शनाला सगळा विनोद संपतो, आणि राजाने हे चालवून कसे घेतले हा प्रश्न उरतो. स्वतःच्याच तोंडाशी भांडणारा माणूस मात्र रात्रभर पुरतो. राजाला बोलायचे ते तो मुंडक्याला बोलतो. राजा रागावला की विदूषक मुंडक्याला मुस्काटात देतो.

दुसरे हत्यार म्हणजे काठीला बांधलेला फुगा. युरोपात डुकराचे मूत्राशय फुगवून त्यात वाळके वाटाणे घालत. देवळापुढच्या मंचावर अर्थातच नको. जाड रबराचा फुगा, त्यात मूठभर वाटाणे, वरून सुती पिशवी. मारला की आवाज मोठा आणि लागत काही नाही. प्रत्येक अंकाला नवा फुगा. दिव्याच्या उष्णतेने जुना मधेच फुटतो.

कुटिलक करायचे असेल तर पेरूची नैसर्गिक वाकडी फांदी शोधा, साधारण ९० सेंटिमीटर. साल काढून सावलीत वाळवा, उन्हात ठेवलीत तर तडकते. नाट्यशास्त्रात विदूषकाने कुटिलक डाव्या हातात धरावे आणि उजव्या हाताने मुद्रा करावी असे सांगितले आहे, आणि चालताना बगळ्यासारखी लांब ढांग टाकत वरखाली बघावे. ही चाल आजही जुनी वाटत नाही. करून बघा. त्याच ग्रंथातली वाकडे दात, कुबड वगैरे व्यंगे मात्र सोडून द्या.

राजा आणि विदूषक: जागा, हाक, हसू

सिंहासनाच्या पायरीवर, राजाच्या उजव्या हाताला, हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर विदूषकाची बैठक. राजाच्या डोक्याहून त्याचे डोके खाली. तो सिंहासनापेक्षा उंच होईल असा क्षण साऱ्या नाटकात एकच ठेवा, बहुधा राजा मान खाली घालतो तेव्हाचा. राजाला पाठ दाखवायची सवलत एकट्या विदूषकाला. प्रधानाने किंवा सेनापतीने चुकून पाठ केली की ती सवलत वाया जाते, म्हणून हालचाली बसवताना इतरांवर जास्त लक्ष ठेवावे लागते.

हाकेचेही तसेच. संस्कृत नाटकात विदूषक राजाला ‘वयस्य’ म्हणतो आणि राजाही त्याला तेच म्हणतो. दरबारात बाकी सगळे ‘महाराज’ म्हणत असताना एकाच तोंडून ‘मित्रा’ आले की नाते कळते. हा शब्द मोजून वापरा. राजाचा राग चढला की विदूषकही ‘महाराज’वर येतो, आणि प्रेक्षक सावरून बसतात.

भाषा हा गोव्याचा खास फायदा. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि विदूषक प्राकृत. आपल्याकडे राजा भारदस्त मराठी बोलतो आणि विदूषक कोंकणी. काल्यातला, म्हणजे दशावतारी खेळातला, संकासुर देवांच्या मराठीसमोर गावचीच भाषा बोलतो, त्यामुळे प्रेक्षकांना हे नवे नाही.

राजा: भोजनाची वेळ टळली. कुठे होतास तू?
विदूषक: म्हाराज, हांव वेळारूच आयलों. तुमची भूक मात आदीं पावली.

कोंकणी आपल्या तालुक्याची वापरा. पेडण्याच्या नटाला सासष्टीचे हेल काढायला लावले तर ती नक्कल होते आणि हसू चुकीच्या जागी येते.

दरबाऱ्यांचे हसू बसवणे हे बहुतेक ठिकाणी राहूनच जाते. नाट्यशास्त्राने हास्याच्या सहा पायऱ्या दिल्या आहेत. स्मित आणि हसित उत्तम पात्रांचे, विहसित आणि उपहसित मधल्यांचे, अपहसित आणि अतिहसित खालच्यांचे. हा तक्ताच तालमीला भिंतीवर लावा. राजा ओठांत हसतो, प्रधान आणि मानकरी आवाज करून, चवरीवाला आणि पहारेकरी पोट धरून. राजा हसेपर्यंत मात्र कुणी हसायचे नाही. विनोद झाला, सगळे राजाच्या तोंडाकडे बघतायत, दोन सेकंद शांतता, मग राजाचे स्मित, मग बांध फुटतो. त्या दोन सेकंदांत प्रेक्षकांना कळते की या माणसाची मान पणाला लागलेली आहे. सुटी झालेली पोरे असल्यासारखा दरबार आधीच खिदळला तर सगळे मुसळ केरात.

विनोद रचावा कसा

दरबारी विनोदाला तीन टप्पे असतात: राजाचा आरोप, विदूषकाची कबुली, कबुलीतूनच उलट वार. पोलंडच्या राजाचा विदूषक स्टान्चिक याची १५३३ सालची गोष्ट याचा नमुना. राजा झिगमुंटने शिकारीसाठी मुद्दाम आणलेले अस्वल सोडले, ते अंगावर धावून आले, राणी बोना घोड्यावरून पडली आणि स्टान्चिक पळाला. नंतर राजा म्हणाला, तू मूर्खासारखा पळालास. तो म्हणाला, पिंजऱ्यातले अस्वल बाहेर सोडणे हा त्याहून मोठा मूर्खपणा. इथे तो पळाल्याचे नाकारत नाही. नवे लेखक नेमके तिथेच चुकतात: विदूषकाला शहाणा दाखवायच्या नादात त्याला कबूलच करू देत नाहीत, मग उत्तर उद्धट वाटते.

वाईट बातमी सांगणे हे विदूषकाचे जुने काम. १३४० मध्ये स्लाइसच्या आरमारी लढाईत फ्रान्सचा धुव्वा उडाला. राजा सहाव्या फिलिपला ते सांगायचे धाडस कुणाला होईना. तेव्हा विदूषक म्हणाला की इंग्रज खलाशी भित्रे आहेत, आपल्या शूर फ्रेंचांसारखी समुद्रात उडी मारायची त्यांची छाती नाही, अशी कथा सांगतात. तुमच्या नाटकात पराभवाची बातमी दूताच्या तोंडी असेल तर ती काढून विदूषकाला द्या. प्रवेश जागच्या जागी दुप्पट चांगला होतो.

अंगविक्षेपाचा विनोद कमी प्रतीचा मानू नका. बाराव्या शतकात इंग्लंडच्या हेमिंगस्टन गावची जमीन रोलंड नावाच्या माणसाला ज्या सेवेबद्दल मिळाली होती ती अशी: नाताळात राजापुढे एक उडी, एक शीळ आणि एक पाद. जत्रेच्या नाटकाला हे परवडते, फक्त योग्य वेळी. पालखीनंतर सुरू झालेले नाटक मध्यरात्र उलटून तिसऱ्या अंकात येते, तेव्हा अर्धा मंडप पेंगत असतो. शब्दांचा विनोद पहिल्या अंकात, फुगा आणि कोलांट्या तिसऱ्यात.

टोमण्यांचा क्रम राखा: पहिले दोन स्वतःवर, मग प्रधानावर, मग राजावर. गावच्या आजच्या गोष्टी घ्यायच्याच असतील तर एका प्रवेशात दोनपेक्षा जास्त नकोत आणि त्या भविष्यवाणीसारख्या: ‘मांडवीत जुगाराची गलबतां उबीं रावतलीं’ असे कदंब राजाला सांगितले की पुरे. देव, कुणाची जात, कुणाचे तोतरेपण आणि समोर बसलेल्या माणसाचे नाव, यांना हात लावायचा नाही. मध्ययुगीन दरबारांत मतिमंद माणसांनाही ‘नैसर्गिक’ विदूषक म्हणून पाळत आणि त्यांना सांभाळायला माणूस नेमत. तो इतिहास आहे. त्याची नक्कल करून हशा मिळवू नका.

पदरची वाक्ये तर येणारच. पण विदूषक भरकटला की समोरच्याला आपले वाक्य कुठून घ्यायचे ते कळत नाही. त्यासाठी खूण ठरवा: काठी दोनदा जमिनीवर आपटली की पुढचे वाक्य संहितेतले. आणि राजाला एक हत्यार द्या, हात वर करून ‘पुरे’. विदूषकाने त्या शब्दावर अर्ध्या वाक्यात थांबायचे, काहीही झाले तरी. प्रेक्षकांना तो राजाचा अधिकार दिसतो, दिग्दर्शकाला लगाम मिळतो.

मुभा काढून घेतल्याचा प्रवेश असेल तर आरडाओरडा टाळा. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचा विदूषक आर्ची आर्मस्ट्राँग १६३७ मध्ये आर्चबिशप लॉडची टर उडवल्याबद्दल काढला गेला, तेव्हा त्याचा कोट डोक्यावरून ओढून घेतला होता. रंगमंचावर टोपी काढून घ्या. रात्रभर वाजणारे घुंगरू दुसऱ्याच्या हातात एकदा वाजतात आणि बंद होतात. त्यानंतर विदूषकाला संवाद देऊ नका.

भूमिका पुरुषानेच करावी असे काही नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या दरबारात मातुरीन नावाची स्त्री विदूषक होती.

प्रयोगानंतर

टोपी त्याच रात्री उलटी करून वाऱ्यावर टांगा. पेटीत ओली ठेवली तर सकाळी वास आणि आठवड्यात बुरशी. पितळी घुंगरू खाऱ्या हवेने हिरवे पडतात. चिंच किंवा बिंबले चोळून धुवा, पूर्ण कोरडे करा, कापडात गुंडाळून ठेवा. काठीचे मुंडके वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत सगळ्यांत वर, नाहीतर पुढल्या वर्षी पेटी उघडाल तेव्हा त्याला नाक नसेल.